झुलीवरच्या मोकळ्या जागा

ठरलं ते असं, की रंजिता जे लिहील ते सगळ्यांनी मानायचं.

रंजिताच्या वडिलांचे, हरिसिंगचे, दिवस झाले, पाहुणे पांगले, मंडपवाला कनाती भरून बाभुळगावला परत गेला, आणि त्याच दुपारी खेमसिंगकाकांनी हा तोडगा काढला. गराशाचं, म्हणजे तांड्याच्या पुढं चालणाऱ्या मानाच्या बैलाचं सामान चांगल्या स्थितीत निघालं, तर तिचा भाऊ सुनील म्हणतो तसं ते मुंबईच्या लिलावात जाईल. मोडकंतोडकं निघालं, तर काका ते पोळ्याला आपल्या जोडीवर चढवतील. घरची मुलगी त्या लिलावघरात हेच काम करते. बाहेरच्याला विचारायचं कशाला? सुनीलनं मान हलवली. रंजितानंही हलवली. आपल्या ओंजळीत काय टाकलं गेलं हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कारण चहा व्हायच्या आधीच दोघंही वेगवेगळे तिला गाठून गेले.

काकांनी हातपंपाशी गाठलं. "पोरी, तू शिकेल हायेस. लिही ना दोन शब्द, जुनं झालं, काई कामाचं नाही म्हनून. खोटं थोडीच हाय?" मग आवाज खाली आणून, "तुह्या बाच्या मांगं तांड्यात बईलजोडी उरली ते माह्याच कोठ्यात. तोरणाखालून पयला मान आपल्या घरचा. तो आता कोन चालवीन? तुहा भाऊ काय ट्रॅक्टरले झूल घालीन?"

सुनील दात घासत अंगणात उभा होता. त्यानं चूळ भरली आणि तिच्याकडे न बघता बोलला, "ताई, काकाचं ऐकू नको. चांगलं लिहिजो. मले ते घरात नाही पायजे."

"का रे?"

"ते सामान पायलं की बा दिसते."

दोघांना तिनं एकच उत्तर दिलं, जे ती मुंबईत सगळ्यांनाच देत असे. "जे असेल ते लिहीन."

घरापुढच्या सपरीत सुनीलच्या बायकोनं, संगीतानं, धुतलेली पांढरी चादर अंथरली. तिची स्वतःची बाजूही ठरलेली होती, आणि ती तिनं लपवली नव्हती. शेवटच्या आजारात सासऱ्याचं सगळं तिनंच केलं होतं. थंडी वाजते म्हणून ही झूल पेटीतून काढून त्यांच्या पायांवर घातली होती तीही तिनंच. आता मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण जसं घराबाहेर जातं, तशी झूलही जायला हवी होती. ती गाठोड्यात बांधलीही होती. रंजिताच्या आईनं, मानीबाईंनी, न बोलता गाठ सोडून ती परत काढून घेतली.

मानीबाई आताही बोलत नव्हत्या. खांबाला टेकून बसल्या होत्या. कानशिलांवरच्या घुगऱ्या-टोपल्या उतरवल्यापासून त्यांचं डोकं लहान वाटत होतं. जिथं ती चांदी जन्मभर लोंबत होती, तिथं कातडीवर एक फिकी पट्टी राहिली होती. बाकीचा चेहरा उन्हानं रापलेला, आणि तेवढाच भाग जपलेला. रंजिताच्या डोळ्यांनी सवयीनं ते टिपलं. मग तिनं नजर काढून घेतली.

तिनं चौरंगावर लॅपटॉप ठेवला, शेजारी भिंग, टेप आणि टॉर्च मांडला. मुंबईत तिचं टेबल असंच असे, फक्त वर पंखा चालू असे आणि कोणी नातेवाईक नसत. कंडिशन रिपोर्टाची भाषा तिला आवडायची. 'सुंदर' तिथं चालत नाही, 'दुर्मीळ'सुद्धा सिद्ध करावं लागतं. झीज, तडा, डाग, गहाळ, नंतरची दुरुस्ती, एवढ्या शब्दांत कुठल्याही वस्तूचं आयुष्य बसतं. सुनीलचा फोन आला त्या दिवसापासून याच भाषेनं तिला उभं ठेवलं होतं. धामणगावला गाडीतून उतरेपर्यंत वडिलांना नेऊन झालं होतं. तिच्या वाट्याला राख आली, आणि राखेची स्थिती लिहिता येत नाही.

"वहिनी, टॉर्च धर. असा नाही, बाजूनं. आडवा उजेड पडला की खड्डे दिसतात."

संगीतानं टॉर्च तिरपा केला. पहिल्यांदा शिंगांच्या शेंब्या घेतल्या. रंजिता बोलत बोलत टाइप करू लागली. "जोडी. पितळ, ओतीव. टोकावर मोर. उजव्या मोराची चोच झिजलेली. डाव्या शेंबीच्या तळाशी तडा, जुना, डाग देऊन सांधलेला."

"तडा म्हंजे खराबच ना?" काका लगेच पुढं सरकले.

"वयाला धरून आहे, काका. एवढं चालतं."

"हे बरं लिहिलं," सुनील म्हणाला.

"तो तडा तांबड्यानं पाडला," काका हिरमुसून म्हणाले. "लय मारकुंडा. पोळ्याच्या दिवशी भितीले शिंग हानलं. तुहा बा हासून राह्यला व्हता, आन् मी पयत होतो."

घागरमाळ तिनं चादरीवर सरळ पसरवली आणि एकेक घागर कानाशी नेऊन वाजवली. मधली मोठी घागर बद्द वाजली. तिनं आत टॉर्च मारला. "लोलक मूळचा नाही. त्याच्या जागी लोखंडी... हे काय आहे? नट आहे."

सुनील उठून आला, वाकला, आणि त्याचे डोळे मोठे झाले. "हा ट्रॅक्टरचा नट हाय! मी घर उलटंपालटं केलं व्हतं यासाठी. बाले इचारलं, तं म्हने मले काय ठाऊक, तुह्या ट्रॅक्टरचं तूच पाय!"

आधी काका हसले, मग संगीता, मग सुनील स्वतः. हसू ओसरल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं, की या घरात अजून हसायचं नाही. रंजितानं 'लोलक बदललेला' एवढं लिहिलं.

"पाचशे साल जुनं लिहिजो," गप्प बसवेना म्हणून काकांनी सुचवलं. "लदेणीच्या टाइमाचं. आपले बईल मीठ अन् धान लादून मुलूखभर जात, आन् पुढं गराशा. त्याच्या पाठीवर गोनी नाही. नुसती झूल."

"शंभर, फार तर सव्वाशे वर्षं, काका. हा हिरवा दोरा गिरणीचा आहे."

"म्हंजे आमच्या आजानं बजारातून आनली?"

"शिवली घरीच. हात एकाच बाईचा आहे, टाका बघा कसा सारखा पडलाय. फक्त दोरा विकतचा."

काकांच्या चेहऱ्यावरून चारशे वर्षं उतरली. "बजारातला दोरा," ते स्वतःशीच पुटपुटले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पन टाका सारखा हाय ना?"

झूल शेवटी घेतली. चौघांनी कोपरे धरून ती चादरीवर पसरली, तेव्हा सपरीत जुन्या सुताचा, हळदीचा आणि बैलाच्या घामाचा वास सुटला. शेवटच्या महिन्यातल्या बामाचा वासही त्यात होता. रंजितानं हात धुऊन कोरडे केले होते. कापडाला ती हातमोज्यांनी हात लावत नसे, बोटांना टाका कळावा लागतो.

"जाडं सूत, तीन पदरी, आल झाडाच्या मुळीच्या लाल रंगात. भरतकाम जवळजवळ शाबूत. आरसे बहुतेक जागेवर. खांद्यापाशी पिवळा तेलकट डाग."

"थो खांदशेकणीचा," संगीता म्हणाली. "पोळ्याआधी खांद्याले लावते त्या तूप-हळदीचा. लगेच झूल टाकू नका म्हनलं तरी बा ऐकत नसत."

"निघणार नाही तो. तसं लिहावं लागेल." ती पुढं सरकली. मध्यावर तळहाताएवढी तिरकी फाट होती, आणि ती गुलाबी नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेली. खताच्या पोत्याच्या तोंडचा दोरा. दाभणानं घातलेले लांब, बळकट, एकमेकांकडे न बघणारे टाके. असे टाके तिनं आपल्या शाळेच्या दप्तरावर पाहिले होते. बोटं न थांबता तिनं टाइप केलं : *नंतरची दुरुस्ती, अकुशल.*

"काय लिहिलं?" मानीबाईंनी विचारलं. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"शिवण जाड आहे, असं," रंजिता म्हणाली. लिहिलं एक आणि वाचलं दुसरं, असं या कामात तिच्याकडून कधी झालं नव्हतं.

मग ती काठाकडे वळली. काठाला कवड्यांची ओळ होती. प्रत्येक कवडीची पाठ घासून, भोकातून दोरा ओढून ती बसवलेली. मागच्या बाजूची एक कवडी तिला वेगळी वाटली. तिचा मूळ दोरा घट्ट होता, तरी वरून गुलाबी नायलॉनचे चार-पाच वेढे देऊन ती आणखी आवळली होती. *गरज नसताना केलेली दुरुस्ती. कारण स्पष्ट नाही.* तिच्यापासून थोडं पुढं मात्र ओळ तुटत होती. तिथं कवड्याच नव्हत्या. तिनं भिंग लावलं.

"सात कवड्या गहाळ. गळालेल्या नाहीत, कापलेल्या आहेत. दोऱ्याची टोकं सरळ आहेत."

सुनील ताडकन उठला. "कापलेल्या? अन् काकानं काल सायंकाळी झूल पाह्याले म्हनून मागतली व्हती! भाव पाडाले कापल्या ना, काका? लिलावात जाऊ नये म्हनून?"

"ए!" काकांचा आवाज चिरकला. "तोंड सांभाळ. माह्या भावाच्या झुलीले मी ब्लेड लावीन? भोजाई, सांग याले!"

"काकायले कायले बोलता?" संगीता टॉर्च हातात तसाच धरून नवऱ्यावर उलटली. आतापर्यंत ती त्याच्या बाजूनं होती. "त्यायनं माह्या समोर पायली अन् माह्या हातात देल्ली. झूल घरात व्हती. मंग मीच कापल्या म्हना ना सरळ! मले ते घराभाईर पायजे व्हती, कापाले नाही!"

"मी तुले बोललो का?"

"थांबा," रंजिता म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, जसं ती भांडणाऱ्या भावंडांच्या दिवाणखान्यांत अनेकदा म्हणाली होती. "वहिनी, उजेड इकडे. सगळ्यांनी बघा. कवडीच्या खालच्या कापडाला ऊन लागत नाही. कवडी काढली की खाली लाल ठिपका दिसतो, आणि मग तो हळूहळू आजूबाजूसारखा विटतो. सातही एका वेळी कापल्या असत्या, तर सातही ठिपके सारखे दिसले असते." तिनं करंगळी ओळीवरून नेली. "ही पहिली जागा जवळजवळ विटलीय. ही त्याहून कमी. ही आणखी कमी. ही दोन एकसारखी, म्हणजे एकाच वेळची. वर्षांवर वर्षं घालून, कोणीतरी सावकाश कापल्यात. काल नाही."

काका गुडघ्यांवर टेकून ओणवे झाले. बराच वेळ ते ठिपके बघत राहिले. मग त्यांनी भावजयीकडे मान वळवली.

"भोजाई. बापू, माहा बाप, काहीतरी बांधत जाय. मी लहान व्हतो. बईल मेला का बापू आत जाय अन् मुठीत काहीतरी घेऊन ये. हे ते व्हय का?"

मानीबाईंनी पदर सारखा केला. "ह्या घरात बईल मरो का इको, गेला का एक कवडी त्याच्या गयात बांधून द्याची. तुमच्या बापूनं यायले शिकवलं. कोनाले सांगाचं नाही, बोंबलत कराचं नाही. जानाऱ्याचं मन मांगं ओढते. त्याचा वाटा त्याच्यासंगं देऊन टाकला, का मंग ओढ नाही राहत. ना त्याले, ना घराले." त्या पुढं सरकल्या आणि पहिल्या विटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हा मंगळ्या."

"अन् हा पाखऱ्या," काका म्हणाले. त्यांना आता सांगावं लागत नव्हतं. "जोडी व्हती. पाखऱ्या दोन सालानं गेला, विहिरीपाशी. हा तांबड्या. मारकुंडा साला. हा सरज्या."

"अन् हे दोन?" संगीतानं त्या एकसारख्या ठिपक्यांवर उजेड धरला.

मग सुनीलच बोलला.

"मोत्या अन् चांद्या." त्यानं हात खिशात घातले, परत काढले. "मी इकले ते. ट्रॅक्टर आनला तवा. पिकअपमदी चढवून राह्यलो व्हतो, तं बा आला अन् दोघायच्याही गयात काही बांधून गेला. मले वाटलं नजरेचा दोरा असन. मी म्हनलं, बा, सरका, गाडीवाल्याले घाई हाय." तो खाली बसला. "काही बोलला नाही बा. सरकला बाजूले."

रंजिताचं बोट सातव्या जागेवर होतं. बैल जोडीनं येतात. ही जागा एकटी होती, आणि तिचा ठिपका ताज्या कुंकवासारखा लाल होता. हे कापड अजून एक महिनाही उन्हात नव्हतं. काय ते तिला कळलं होतं, तरी विचारणं तिचं काम होतं.

"आणि ही, याडी?"

"ते तुह्या बाची," मानीबाई म्हणाल्या. "न्यायच्या आधी मी मनगटाले बांधली. हाराखाली गेली, कोनाले दिसली नाही." मग त्या सुनेकडे वळल्या. "म्हनून तू भेऊ नको, संगीता. तुनं त्यायच्या आंगावर घातली, चांगलं केलं. त्यायचं ते घेऊन गेले. आता झुलीवर त्यायचं काई नाही."

संगीतानं टॉर्च बंद केला. आणि मग चादरीचा कोपरा तोंडाला लावून ती रडली, सासरा गेल्यापासून इतरांसमोर पहिल्यांदाच. तिला कोणी थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं सुनीलनं विचारलं, "ताई, तिकडं गेली तं ह्या जागा अशाच ठेवतीन का?"

"नाही. दुसऱ्या एखाद्या फाटक्या कापडावरच्या जुन्या कवड्या काढून इथं भरतील. गुलाबी शिवण उसवून आतून बारीक शिवतील. आमच्याकडे चांगले कारागीर आहेत. काही ओळखू येत नाही नंतर."

"भरून टाकतीन?" मानीबाईंना ते नीट समजून घ्यायचं होतं. "मंग गेलं कोन, ते कसं समजन?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"न भरता, अशीच कोनी घेईन?" सुनील.

काकांनी रंजिताकडे पाहिलं. 'नाही' म्हण, एवढंच त्या नजरेत होतं. आणि तिला 'नाही' म्हणणं अगदी सोपं होतं. सपरीतल्या कोणालाही ते खोटं कळलं नसतं, कळलं असतं तरी टोचलं नसतं.

"घेईल," ती म्हणाली. "सगळं खरं लिहिलं तर भाव कमी येईल. पण घेणारा मिळेल."

सुनीलनं मान हलवली. त्यानं घागरमाळ ओढून घेतली आणि मोठी घागर हलवली. ती बद्द वाजली. पुन्हा हलवली.

"नट तं माहाच हाय," तो म्हणाला. "माहा नट मी कायले इकू?" मग काकांकडे न बघता, "काका, पोळ्याले तुमी न्या. सगळं न्या. तोरणाखालून पयला बईल आपलाच जाईन. पन सांजच्याले वापस."

"वापस कायले? माह्या घरी राह्यली तं काय..."

"काका."

"बरं बा, वापस," काकांनी टोपी डोक्यावर चढवली. "बापावर गेलास. तोही असाच, देईन अन् मोजून घेईन." दाराशी जाऊन ते थबकले. "पन रंजिता, मंग तुह्या रिपोर्टात काय निघालं? चांगली का खराब? ठरलं व्हतं ना आपलं!"

"आमच्यात तसं लिहीत नाहीत, काका."

"एवढं शिकून!" म्हणत ते निघून गेले.

दुपार कलली. सुनील सोयाबीनकडे गेला, संगीता चुलीशी. झूल घडी करायला दोघीच उरल्या. एक टोक आईनं धरलं, एक रंजितानं. लॅपटॉप चौरंगावर उघडाच होता. सकाळी सातही जागा मोजल्यापासून एक प्रश्न रंजिताजवळ होता. त्याचा रिपोर्टाशी संबंध नव्हता, म्हणून तिनं तो बाजूला ठेवला होता. कॉलेज संपवून ती मुंबईला निघाली, तेव्हा वडील धामणगावपर्यंत सोडायला आले होते. गाडी हलली तरी त्यांनी हात वर केला नाही. हातात काही दिलंही नाही.

"याडी, बैलांच्या सहा, आणि बांची एक." ती घडीवरची सुरकुती सारखी करत राहिली. "मी गेले तेव्हा नाही कापली?"

"मी म्हनलं व्हतं त्यायले," मानीबाई म्हणाल्या. "पोरगी एवढ्या दूर चालली, एक कापा. तिचं मन तिथं लागाले पायजे. तं माह्यावर गुरगुरले. म्हने, ते काय गेली थोडीच? मी मंग काई बोलली नाही. तुले गाडीत बसवून आले, अन् रातच्याले पाहते तं पेटी उघडी, अन् हे दाभण घेऊन बसेल व्हते."

त्यांनी घडी थोडी उलगडली आणि काठ रंजिताच्या हातात दिला. मागच्या बाजूची ती कवडी. मूळ दोरा शाबूत, आणि त्यावर गुलाबी नायलॉनचे वेढे, जाड, ओबडधोबड, एकावर एक.

"हे तुही," मानीबाई म्हणाल्या.

रंजितानं ती दोन बोटांत धरून ओढून पाहिली. कवडी हलली नाही.